वन्संनी काढायचं ठरवलं

वन्संनी बाहेरच्या दाराला रंग काढला त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं ते दार भिंतीसारखंच फिकट राखाडी होतं आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. त्या दिवशी मी बाजारातून आले तर दार गडद निळं, आणि त्यावर पितळी मूठ इतकी चकचकीत की रस्त्याच्या वळणावरून दिसावी. वन्सं पायरीवर बसून मुठीचा शेवटचा स्क्रू पिळत होत्या.

"हे काय काढलंत मध्येच?" मी विचारलं.

"हूं," त्या म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, हे काय उत्तर झालं? पण वन्संकडून निम्म्या वेळा एवढंच मिळतं, कारण त्यांच्या तोंडात खिळे असतात. काम करताना ओठांच्या कोपऱ्यात दोनचार खिळे धरून ठेवायची त्यांची सवय. खिळे नसले तर स्क्रू, तेही नसले तर पेन्सिल. अशा वेळी त्यांचा होकार आणि नकार दोन्ही त्या एका "हूं"मधून बाहेर येतात, आणि कुठला कुठला ते ओळखण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. त्या दिवशीचा हूं होकाराचा नव्हता आणि नकाराचाही नव्हता. काहीतरी दडवण्याचा होता.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन ह्या घरात आले, आणि वर्ष सरायच्या आत त्या लग्न मोडून ह्याच घरात परत आल्या. हातात एक सुटकेस आणि चेहरा असा की कुणी काही विचारायची हिंमत करू नये. मी विचारलं नाहीच. विचारून खरं कोण सांगतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. घराच्या दोन किल्ल्या मला मिळाल्या होत्या, त्यातली एक मी त्यांच्या हातावर ठेवली आणि चहा टाकला.

पुढे त्यांनी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात नोकरी धरली. काउंटरवर बाई बघून सुरुवातीला गिऱ्हाईकं विचारायची, "कुणी माणूस नाही का?" वन्सं म्हणायच्या, "मी काय खांब आहे?" हळूहळू त्या अख्ख्या भागाच्या खिळेताई झाल्या. लोक नळाचा फुटका वायसर कागदात गुंडाळून आणायचे आणि डॉक्टरला दाखवावा तसा त्यांच्यापुढे ठेवायचे. वन्सं तो उलटसुलट करून बघायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या, "कधीपासून गळतंय?" उत्तरावर त्यांचा विश्वास कधीच नसायचा.

संध्याकाळी घरी आल्या की आमच्या घराची उलटतपासणी सुरू. मोठा खर्च त्यांनी कधी केला नाही, करण्यासारखी परिस्थितीही नव्हती. पण डब्यात उरलेला रंग, पोचा आला म्हणून दुकानदारानं स्वस्तात सोडलेला नळ, नमुन्याच्या चार टाइल्स असं काहीबाही पिशवीतून यायचं आणि आमच्या घरात जिरून जायचं. बिजागरी कुरकुरली की वन्सं ताटावरून उठणार. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावणार. "इथे पोकळ आहे," असं म्हणाल्या की त्यांच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद. ह्यामुळेच आमचं घर अंगानं लहान आणि वयानं म्हातारं असूनही नव्या घरांच्या रांगेत मान ताठ ठेवून उभं होतं. आमच्या घरात संशयाची कामं वाटलेली होती. भिंतींवर वन्संनी घ्यायचा आणि माणसांवर मी.

मामंजींनी जाण्यापूर्वी हे घर वन्संच्या नावावर केलं. ह्यांनी हसतहसत सही दिली. "तिला दुसरं कोण आहे?" म्हणाले. मीही काही बोलले नाही, कारण तेव्हा मला हे होते. मग हेही गेले. त्यानंतर एक दिवस भांडी घासताघासता माझ्या मनात आलं, की आता ह्या घरात मी कोण? मूलबाळ नाही. कागदावर माझं नाव कुठेच नाही. उद्या वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमची सोय बघा," तर मला ब्र काढायला जागा नव्हती. भाऊ आहे मला, नाही असं नाही. पण भावजय पहिल्या दिवशी गोड हसते, दुसऱ्या दिवशी तब्येत विचारते आणि तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. ह्या घराचं छप्पर गेलं तर माझ्या डोक्यावर दुसरं छप्पर नव्हतं, आणि ही गोष्ट मी वन्संशी कधी बोलले नव्हते.

त्यात तो दलाल. रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा कमरेला लावून फिरतो की माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. दाराला रंग लागायच्या थोडे दिवस आधी त्यानं मला कोपऱ्यावर गाठलं.

"काकू, घर काय ठेवलंय हो ताईंनी! आज काढलं तर हातोहात जाईल."

"काय जाईल?"

"घर हो. विकायचं असेल तर मोठी तोडफोड करायची गरज नसते, लोक उगाच खर्चात पडतात. बाहेरच्या दाराला चांगला रंग, नवी मूठ. नळ बदलायचे. उजेड भरपूर पाहिजे. अडगळ हलवली की खोल्या मोठ्या दिसतात. बास. गिऱ्हाईक दारातच अर्धं पटतं."

"हे मला कशाला सांगता? घर वन्संचं आहे."

"त्यांना सांगितलं ना. विचारलं पण, विकताय का म्हणून."

"मग?"

"हूं म्हणाल्या," दलाल आनंदानं म्हणाला.

आणि त्यानंतर हे निळं दार. आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला.

दारानंतर जिन्याची पाळी आली. आमचा जिना सिमेंटचा, करड्या रंगाचा, कुणाची कधी तक्रार नव्हती. वन्संनी प्रत्येक पायरीच्या कडेला बोटभर रुंदीचा पिवळाधमक पट्टा ओढला. मग बाथरूमचे नळ बदलले, एकाला लाल चकती आणि एकाला निळी. पॅसेजमधला जुना गालिचा, जो मामंजींच्या वेळेपासून तिथे होता आणि ज्याच्या कोपऱ्यात पाय अडकून मी फक्त कधीतरीच धडपडत असे, तो एका दुपारी गुंडाळून माळ्यावर गेला. अडगळ हलवली! दलालाचा शब्दन् शब्द खरा होत होता. मग पॅसेजच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडा बसला. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या बटणांभोवती काळी चौकट रंगवली गेली. शेगडीवर इतका लखलखीत दिवा लागला की भाजी चिरताना मला आपण ऑपरेशन करतोय असं वाटायला लागलं.

उजेडाबद्दल मात्र मला बोलायला तोंड नव्हतं, कारण त्याची तक्रार मीच करत असे. हल्ली सगळीकडेच उजेड कमी झालाय. सुईची भोकं पूर्वीपेक्षा लहान पाडतात. पेपरवाले शाई वाचवतात, औषधाच्या बाटलीवरची अक्षरं तर मुंगीनं चालत जाऊन काढल्यासारखी. आणि लोक रस्त्यात ओळख दाखवत नाहीत, जवळ येऊन बोलले की मगच कळतं कोण ते. मी हे वन्संना अधूनमधून ऐकवायची. त्या म्हणायच्या, "हूं."

एक दिवस नवे कप आले. आमचे पांढरे कप चांगले होते. एकदाच माझ्या हातून चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला गेला होता, पण पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप ठेवला तर कुणाचंही होईल. वन्संनी तपकिरी कप आणले, जाड, आतून पांढरे.

"कुणी पाहुणे येणारेत?" मी टोकलं.

"हूं."

येणारच होते. घर बघायला येणाऱ्यांना चहा नको का द्यायला? मी त्या कपांना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहिलं. चहा त्यात बरोबर ओतला जायचा, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यात मोठं युद्ध झालं ते शेगडीच्या बटणावरून. एका सकाळी बटणाला हात लावला तर वर रंगाचा एक थेंब वाळून बसलेला, मसुराच्या दाण्याएवढा टणक. रंगकाम म्हटलं की सांडलवंड आलीच. मी नखानं खरवडून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी थेंब पुन्हा तिथेच. मी पुन्हा खरवडला. तो पुन्हा उगवला. मी सुरी घेतली. वन्संनी आधीपेक्षा मोठा लावला. ह्या काळात आम्ही दोघी एका टेबलावर जेवत होतो, हवापाण्याच्या गप्पा मारत होतो, आणि त्या थेंबाबद्दल दोघींनी चकार शब्द काढला नाही.

मग एका दुपारी मी वन्संना फोनवर बोलताना ऐकलं. मी मुद्दाम ऐकत नव्हते. मी फक्त त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर नवीन कठड्याला धरून उभी होते आणि श्वास हळू घेत होते.

"हो, काढायचंच ठरवलंय," वन्सं म्हणत होत्या. तोंडात खिळे नव्हते, शब्द स्वच्छ होता. "नाही, वहिनींना अजून बोलले नाही. बिथरतील त्या. तुम्ही आधी येऊन माप घेऊन जा. मी नसले तरी चालेल, त्या असतात घरी."

हा काढणं शब्दच आपल्या भाषेतला महाबेइमान. भिंतीला रंग काढला म्हणजे लावला की खरवडला, ते भिंत बघितल्याशिवाय कळत नाही. माणसं विषय काढतात, वेळ काढतात, पळ काढतात, एकमेकांचा काटा काढतात. पण समोरचा माणूस माप घेऊन जाणार असेल आणि वहिनी बिथरणार असतील, तर काय काढायचं ठरलं असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. घर विकायला काढलं होतं. मला कळायच्या आधी दलालाला आणि दलालाच्या आधी मापवाल्याला कळलं होतं. मी माझ्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. राग आला होता, पण रागाखाली भीती होती, आणि भीती जास्त होती.

रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मी ठरवलं, येऊ दे मापवाल्याला.

तो दोन दिवसांनी आला. वन्सं बटाटे आणायला गेल्या होत्या. दार उघडलं तर समोर एक उंच आकृती, हातात मोजपट्टीचा डबा. चेहरा नीट दिसला नाही, पाठीमागून ऊन होतं.

"ताईंनी बोलावलंय. माप घ्यायला आलोय."

"या ना," मी म्हटलं. माझ्या आवाजात इतका गोडवा होता की माझी मलाच भीती वाटली. "घर नीट बघून घ्या. उगाच मागून म्हणाल, सांगितलं नाही. ह्या भिंतीत पाणी मुरतं. वरून रंग आहे, आत चिखल आहे."

"असं?"

"जिना हलतो. वाळवी आहे. माळ्यावर उंदीर आहेत, मांजराला घाबरत नाहीत. शेजारी पहाटे शिट्टी वाजवतात. नळाला पाणी येतं ते तांबडं. पाया एका बाजूला खचलाय, चेंडू ठेवला तर आपोआप रस्त्यावर जातो. ह्या घरात कुणी टिकलं नाही बघा. मी आहे ती केवळ नाइलाज म्हणून."

ह्यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. वन्संनी आयुष्यभर एकेक खिळा मारून जे घर जपलं त्याची मी पाच मिनिटांत पार रया घालवली. तो माणूस मुकाट्यानं ऐकत माझ्यामागून स्वयंपाकघरापर्यंत आला. तिथे दाराशी उकिडवा बसला, आणि डबा उघडून पट्टी बाहेर ओढली.

"मोठंच काम दिसतंय तुमच्याकडे," तो म्हणाला. "पण मी सुतार आहे हो मावशी. मला फक्त हा उंबरा काढायला सांगितलंय."

"कुठला उंबरा?"

"हाच. स्वयंपाकघराचा. काढायचा आणि खाली लाकडाची चपटी पट्टी बसवायची. ताई म्हणाल्या, वहिनींना दिसत नाही, रोज अडखळतात. पडल्या तर हाड मोडेल."

वहिनींना दिसत नाही. सुतारानं ते इतक्या सहज म्हटलं, जणू माझ्या चपलेचा नंबर सांगत होता.

आता सांगूनच टाकते. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी एकटीच जाऊन आले होते, वन्संना भाजीला जाते म्हणून सांगून. डॉक्टर म्हणाला होता, जे बघायला जाल त्याचं मधलं दिसणं हळूहळू पुसट होत जाईल, कडेकडेचं राहील. मोतीबिंदूसारखं हे ऑपरेशन करून जाणारं नाही. मी घरी आले, बटाट्याची भाजी केली आणि कुणाला काही सांगितलं नाही. परक्या घरात राहणाऱ्या माणसानं आंधळं होऊन चालत नाही, असं मला वाटत होतं. चालत्या-फिरत्या वहिनीला ठेवणं वेगळं आणि धडपडणाऱ्या म्हातारीला ठेवणं वेगळं. म्हणून मी पायऱ्या पाठ केल्या, बरण्या वासानं ओळखायला शिकले आणि दोष सुईवाल्यांना आणि पेपरवाल्यांना दिला. आणि वन्संना सगळं माहीत होतं, इतकंच नाही तर सुतारालाही सांगून झालं होतं.

सुतार गेल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. घर विकत नव्हत्या, उंबरा काढत होत्या. पण संशय माझ्या अंगात इतका मुरलेला, की एक फांदी तोडली तर शेजारून दुसरी फुटली. आज उंबरा काढतायत, उद्या मला काढतील. लोक आधी कठडे लावतात, मग शेजारपाजाऱ्यांना सांगतात की आमच्यानं होईल तेवढं केलं, आणि मग एके दिवशी गाडी बोलावतात. त्यापेक्षा आपण होऊन गेलेलं बरं. मी कपाटातून बॅग काढायला गेले. कपाटाचं दार उघडलं तर आत छोटासा दिवा लागला. कपाटातसुद्धा! मला इतका संताप आला की काय सांगू, आणि त्या संतापातही बॅग मात्र पटकन सापडली.

वन्सं बटाटे घेऊन आल्या तेव्हा बॅग दारात होती.

"कुठे निघालात?"

"भावाकडे."

"भावजय परवाच्या गाडीनं परत पाठवेल."

"पाठवू दे. कुणाच्या डोळ्यांवर यायची मला हौस नाही. सुतारापर्यंत पोचलंय ना, वहिनींना दिसत नाही म्हणून? गावात दवंडीच पिटवायची राहिलीय."

वन्संनी पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी त्यांच्या तोंडात काही नव्हतं.

"तुम्ही गेल्या वर्षापासून माझ्याकडे तिरकं बघता," त्या म्हणाल्या. "आधी मला वाटलं, संशयानं बघताय. तुमचा स्वभावच तो. मग बघितलं तर कपाकडेही तिरकंच. घड्याळाकडेही. कपावर कसला संशय घेणार माणूस?"

मी बॅग पायानं दाराकडे सरकवली.

"मग विचारलं का नाहीत?"

"मी सुटकेस घेऊन आले होते तेव्हा तुम्ही विचारलं होतं का? सगळ्या नातेवाइकांनी विचारलं. शेजारच्यांनी विचारलं. तुम्ही किल्ली दिलीत आणि चहा दिलात. मला सांगायचं नव्हतं म्हणून तुम्ही विचारलं नाही, असं मी धरून चालले आजवर. तुम्हाला सांगायचं नव्हतं म्हणून मी विचारलं नाही. पण उंबऱ्याला कसं समजावणार? तो काय बाजूला होतो?"

"आणि तो शेगडीवरचा थेंब?"

"तो वर आला की गॅस बंद. बोटाला कळावं म्हणून. तुम्ही खरवडताय, मी लावतेय. मला वाटलं, डब्यातला रंग संपेल पण तुम्ही ऐकणार नाही."

हे सगळं ऐकायला फार गोड वाटलं, आणि म्हणूनच माझा त्यावर पुरता विश्वास बसला नाही. गोड बोलणं काय, कुणीही बोलतं. मी बॅग आत नेली पण उघडली नाही. पलंगाखाली सरकवून ठेवली, हाताला लागेल अशी. त्या दिवसापासून शेगडीवरचा थेंब मात्र मी खरवडला नाही.

उंबरा गेला. स्वयंपाकघरात जाताना मी पहिले काही दिवस सवयीनं पाय उचलत होते आणि हवेतच ठेवत होते. वन्सं बघायच्या आणि दुसरीकडे तोंड फिरवायच्या. त्या हसत होत्या की काय, ते मला दिसत नव्हतं, पण खांदे हलताना कडेनं कळायचं.

मग एका रविवारी किल्ल्यांचा आवाज ऐकू आला. दलाल. निळ्या दारानं त्याची बरेच दिवस झोप उडवली असणार.

"ताई, म्हटलं एकदा आतून बघून घेऊ. गिऱ्हाईक तयार आहे माझ्याकडे."

वन्सं खिडकीच्या चौकटीला रंगीत पट्टी ठोकत होत्या. तोंडात खिळे. "हूं," म्हणाल्या. दलाल त्याला होकार समजून आत शिरला. मी त्याच्यामागे भिंतीच्या कठड्याला धरून निघाले.

तो जिन्यापाशी थांबला. पॅसेजमध्ये थांबला. स्वयंपाकघरात तर त्यानं कपाळालाच हात लावला असावा, कारण किल्ल्या एकदम खळखळल्या.

"अरेरे," तो म्हणाला. "ताई, हे काय करून ठेवलंत? जिन्याला हे पिवळे पट्टे काय, बटणांना काळं काय! हा कठडा! आणि उंबरा कुठे गेला? अहो, दवाखाना वाटतोय दवाखाना. बाहेरून दार बघून मला वाटलं... नाही हो. असल्या घराला कोण हात लावणार? हे सगळं काढून पूर्वीसारखं करा, मग बघू."

"हूं," वन्सं म्हणाल्या आणि पुढचा खिळा ठोकला.

"म्हणजे करताय ना?"

वन्संनी तोंडातले उरलेले खिळे काढून तळहातावर घेतले. "नाही," त्या म्हणाल्या. "विकायचंच नाही. ह्यातलं काही निघणार नाही. वहिनी आहेत तोवर नाही आणि नंतर मलाही लागेलच."

दलाल चुकचुकत गेला. जाताजाता दारात मला म्हणाला, "काकू, चांगल्या घराचा भाव पाडला हो ताईंनी."

माझ्या उभ्या आयुष्यात इतकी सुंदर बातमी मला कुणी दिली नव्हती. वन्संच्या बोलण्यावर मी शंका घेतली असती, घेतच होते. पण दलालाला माझ्याशी गोड बोलून काय मिळणार होतं? भाव पाडला. जाणूनबुजून पाडला. मोठ्या मेहनतीनं, उरलेल्या रंगात आणि स्वस्तातल्या पट्ट्यांत, पायरी-पायरीनं आणि बटणा-बटणानं पाडला, आणि तो माझ्यासाठी. मी खोलीत जाऊन पलंगाखालची बॅग ओढली, कपडे कपाटात लावले आणि तो आतला दिवा चालू-बंद होतो का ते दोनदा करून बघितलं. मला रडू येत होतं. येऊ दिलं.

मग बाहेर आले. वन्संनी पुन्हा खिळे तोंडात धरले होते.

"वन्सं," मी म्हटलं, "मला दिसत नाही हो. मधलं सगळं चाललंय."

त्यांचा हात थांबला. त्यांनी एकेक करून खिळे तोंडातून काढले आणि खिडकीत ठेवले, मला आवाज आला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ती हातोडी द्या बघू. तुमच्या उजव्या हाताला आहे, स्टुलाच्या कडेला."

इतक्या दिवसांत एखादी वस्तू कुठे आहे हे त्यांनी मला पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. मी उजवा हात पुढे नेला. हातोडी तिथेच होती.